अफवेचा प्रवास : चवदार तळ्यापासून तळियेपर्यंत

'इंटरनेट आले आणि अफवांचे पीक आले' हे वाक्य आपण शिक्षकांच्या खोलीत ऐकतो, एस.टी.च्या थांब्यावर ऐकतो, वर्तमानपत्रांतही वाचतो. त्यात तथ्य आहेच. पण पटकीच्या साथीत पाणी दूषित असते म्हणून पाणी म्हणजेच पटकीचा जंतू, असे कोणी म्हणत नाही. इंटरनेट हे साथ वाहून नेणारे पाणी आहे. जंतू कोणता, तो माणसाच्या मनात कसा रुजतो आणि त्यावर उपाय कोणता, हे समजून घ्यायचे तर इंटरनेट नव्हते त्या काळात जाऊन पाहावे लागते.

त्यासाठी रायगड जिल्ह्याच्या आतल्या भागातील महाड आणि पोलादपूर हे शेजारशेजारचे तालुके सोयीचे आहेत. एका घातक अफवेची नोंद महाडच्या इतिहासात पक्की आहे. आणि माहिती पोहोचली नाही तर काय होते, याचा अनुभव या दोन्ही तालुक्यांनी अलीकडच्या काळात घेतला आहे. या दोन टोकांना जोडणारा धागा म्हणजे अफवेचे मानसशास्त्र. त्या शास्त्राच्या पायाभरणीत दोन भारतीय संशोधकांचा वाटा आहे, ही गोष्ट आपल्या पाठ्यपुस्तकांत सहसा येत नाही.

दोन तासांत पसरलेली बातमी

सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्य मानलेल्या समाजाला खुल्या कराव्यात, असा सीताराम केशव बोले यांचा ठराव १९२३ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात संमत झाला. त्याला अनुसरून महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला. ठराव कागदावर राहिला. पुढे १९ व २० मार्च १९२७ रोजी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली (आजचा रायगड जिल्हा तेव्हा कुलाबा या नावाने ओळखला जाई). २० तारखेला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली प्रतिनिधी शिस्तीने मिरवणुकीने तळ्यावर गेले, पाणी प्याले आणि मांडवात परत आले.

त्यानंतर साधारण दोन तासांत गावात एक बातमी फिरली : 'आता हे लोक वीरेश्वराच्या देवळात शिरणार आहेत.' वीरेश्वर हे महाडचे ग्रामदैवत. बातमी खोटी होती. परिषदेचा तसा कोणताही बेत नव्हता. पण लाठ्याकाठ्या घेतलेला जमाव जमला. मामलेदार व पोलीस अधिकारी डाकबंगल्यावर बाबासाहेबांना भेटायला आले. देवळात शिरण्याचा आमचा विचार नाही, असे बाबासाहेबांनी स्वतः स्पष्ट सांगितले. तरीही जमाव मांडवात घुसला. तेथे प्रतिनिधी जेवत होते, काही जण गावी परतायच्या तयारीत होते. त्यांना मारहाण झाली, अन्न मातीत मिसळले गेले, रस्त्यांत एकट्यादुकट्याला गाठून मारण्यात आले. काहींना मुसलमान कुटुंबांनी आपल्या घरांत आसरा दिला. बाबासाहेबांनी आपल्या लोकांना प्रतिकारापासून आवरले, म्हणून अधिक रक्तपात टळला.

या प्रसंगाकडे सामाजिक इतिहास म्हणून आपण पाहतोच. येथे त्यातला एक प्रश्न वेगळा काढू. त्या दिवशी महाडात इंटरनेट नव्हते. बातमी तोंडोतोंडीच फिरली आणि दोन तासांत जमाव उभा राहिला. शिवाय खरे काय ते ज्यांना ठाऊक होते, ती माणसे त्याच गावात होती आणि त्यांनी ते सांगितलेही. मग खरी माहिती हाताशी असताना खोटी का टिकली?

भूकंप आणि दरड

या प्रश्नाच्या उत्तराचा पहिला धागा बिहारमध्ये सापडतो. १५ जानेवारी १९३४ रोजी दुपारी उत्तर बिहार व नेपाळ प्रचंड भूकंपाने हादरले. त्यानंतरच्या दिवसांत लोकांत फिरणाऱ्या अफवा जमुना प्रसाद या मानसशास्त्रज्ञांनी टिपून ठेवल्या आणि १९३५ मध्ये त्यांवर एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. चंद्रग्रहणाच्या दिवशी मोठा भूकंप होणार, २६ फेब्रुवारीला पाटणा शहर नाहीसे होणार, अशा त्या अफवा होत्या. लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी, की ज्या भागात धक्का जोराने जाणवला पण फारशी पडझड झाली नाही, तेथे या अफवा जोरात होत्या.

दुसरा धागा दार्जिलिंगचा. तेथे १९५० मध्ये मोठ्या दरडी कोसळल्या. माणसे दगावली, घरे गेली. दुर्गानंद सिन्हा यांनी तेथील लोकांच्या बोलण्याचा तसाच अभ्यास केला व तो १९५२ मध्ये प्रसिद्ध केला. तेथे अतिशयोक्ती होती. पण 'याहून भयंकर काही येणार आहे' अशा भाकितांच्या अफवा मात्र आढळल्या नाहीत.

हे कोडेच आहे. संकट ज्यांच्या दारात आले त्यांच्यात भीतीच्या अफवा कमी, आणि जे बचावले त्यांच्यात जास्त! अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंजर यांनी ते असे सोडवले : दार्जिलिंगच्या माणसाला भीती वाटत होती आणि भीतीचे कारण डोळ्यांसमोर होते. बिहारमधल्या माणसाला भीती तर वाटत होती, पण आजूबाजूला पाहिले तर घाबरण्यासारखे काही दिसत नव्हते. मनाला ही विसंगती सोसवत नाही. मग भीतीला शोभेल असे कारण ते शोधू लागते. अफवा ते कारण पुरवते. या विचारातूनच फेस्टिंजर यांचा 'बोधात्मक विसंवादा'चा सिद्धांत पुढे आला (१९५७). आज तो मानसशास्त्राच्या प्रत्येक अभ्यासक्रमात शिकवला जातो.

सामान्य समजूत अशी असते की अफवेमुळे भीती किंवा द्वेष निर्माण होतो. प्रसाद आणि सिन्हा यांचे काम दाखवते की पुष्कळदा क्रम उलटा असतो. भावना आधी असते. अफवा तिला सभ्य कारण देते. महाडच्या जमावाचा राग खरे तर तळ्यावरच्या पाण्यामुळे होता. पण नगरपालिकेच्या ठरावानेच खुल्या झालेल्या तळ्याचे पाणी पिणाऱ्यांना मारायचे, तर त्याला कारण काय सांगणार? 'देऊळ वाचवायचे आहे' हे कारण अफवेने दिले. म्हणूनच खुलासा कानांवर पडूनही त्याचा उपयोग झाला नाही.

वस्तरा कोणाच्या हातात?

१९४७ मध्ये गॉर्डन ऑलपोर्ट व लिओ पोस्टमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी अफवांवरचे आपले पुस्तक प्रसिद्ध केले. त्यांचे सूत्र सोपे आहे. विषय जितका महत्त्वाचा आणि माहिती जितकी संदिग्ध, तितकी अफवा जोरदार. हा गुणाकार आहे, बेरीज नव्हे. दोहोंपैकी एक शून्य झाले की अफवाही शून्य.

त्यांनी एक प्रयोग केला. एका व्यक्तीला चित्र पाहून त्याचे वर्णन दुसरीला सांगायचे. दुसरीने चित्र न पाहता तिसरीला, तिसरीने चौथीला. पाचसहा तोंडांतून जाईपर्यंत सुमारे ७० टक्के तपशील गळून गेले. उरलेल्यांपैकी एखाददुसऱ्या तपशिलाला धार चढली. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, उरलेली गोष्ट ऐकणाऱ्याच्या पूर्वग्रहाच्या साच्यात बसत गेली. एका चित्रात रेल्वेच्या डब्यात एक गोरा आणि एक कृष्णवर्णीय माणूस समोरासमोर उभे होते; उघडा वस्तरा गोऱ्याच्या हातात होता. निम्म्याहून अधिक वेळा, सांगता सांगता कोठेतरी तो वस्तरा कृष्णवर्णीयाच्या हातात गेला! कोणी मुद्दाम खोटे बोलले नव्हते.

गळणे, धार चढणे आणि पूर्वग्रहाचा रंग लागणे या तीन पायऱ्या कोणत्याही अफवेत दिसतात, मग ती तोंडी असो, तारेतून आलेली असो वा मोबाइलवर आलेली.

टेलिफोनचा दिवस

साधने बदलली तसा वेग कसा बदलला, याचे एक ठळक उदाहरण अनेक वाचकांच्या आठवणीतले असेल. २१ सप्टेंबर १९९५ रोजी 'गणपती दूध पितो' ही बातमी सकाळी उत्तर भारतातून निघाली आणि दिवस मावळण्यापूर्वी देशभर व परदेशांतील भारतीयांपर्यंत जाऊन पोहोचली. देवळांपुढे रांगा लागल्या. चमचा सोंडेला टेकला की पृष्ठताणामुळे दुधाचा पातळ पापुद्रा मूर्तीवरून खाली ओघळतो, हे शास्त्रज्ञांनी रंगीत दूध वापरून दाखवून दिले. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झाले ते त्याच वर्षी १५ ऑगस्टला, म्हणजे या घटनेच्या जेमतेम पाच आठवडे आधी. तेव्हा ते फार थोड्यांच्या घरी होते. ही बातमी पसरवली ती टेलिफोनने आणि एस.टी.डी. बूथांनी.

दहा वर्षांनी, जुलै २००५ च्या अतिवृष्टीत महाड तालुक्यातील जुई, दासगाव, रोहन, कोंडिवते या गावांवर दरडी कोसळून मोठी प्राणहानी झाली. त्याच आठवड्यात मुंबईत जुहूच्या नेहरूनगर वस्तीत 'पाण्याची लाट येते आहे' अशी हूल उठली आणि अंधारात झालेल्या चेंगराचेंगरीत पंधराहून अधिक माणसे मेली. त्यांत लहान मुले होती. त्या रात्री लाट नव्हती. दोन दिवसांपूर्वीच्या पुराची भीती मात्र ताजी होती. बिहारचा धडा येथे पुन्हा दिसतो.

इंटरनेटने नेमके काय बदलले?

येथवर आपण पाहिले की अफवेचे मूळ इंटरनेटपेक्षा पुष्कळ जुने आहे. मग नवीन काय? चार गोष्टी सांगता येतील.

पहिली, वेग आणि पल्ला. अमेरिकेतील एम.आय.टी. या संस्थेच्या संशोधकांनी ट्विटरवर २००६ ते २०१७ या काळात फिरलेल्या सुमारे १,२६,००० बातम्या तपासल्या. तो अभ्यास २०१८ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आला. खोटी बातमी पुढे पाठवली जाण्याची शक्यता खऱ्या बातमीपेक्षा ७० टक्क्यांनी अधिक होती, आणि १,५०० लोकांपर्यंत पोहोचायला खरीला खोटीच्या सुमारे सहापट वेळ लागला. यंत्रांनी आपोआप पाठवलेले संदेश बाजूला काढले तरी निष्कर्ष तोच राहिला. म्हणजे हे काम माणसांचेच.

दुसरी, तपशील गळत नाहीत. कानगोष्टीत मजकूर झिजतो. मोबाइलवरचा मजकूर जसाच्या तसा पुढे जातो, सोबत छायाचित्रही असते. त्यामुळे तो पुराव्यासारखा भासतो.

तिसरी, पुनरावृत्ती. एखादे विधान पुन्हा पुन्हा ऐकले की ते अधिक खरे वाटू लागते, हे १९७७ मध्ये प्रयोगाने दाखवले गेले आहे. एकच संदेश पाच गटांवरून आला की पाच वेगवेगळ्या माणसांनी साक्ष दिल्यासारखे वाटते. मूळ साक्षीदार मात्र एकही नसतो.

चौथी, सांगणारा दिसत नाही. गावात बातमी आणणाऱ्याचा स्वभाव आपल्याला माहीत असतो. तो फेकू आहे की मोजके बोलणारा, हे मनात धरूनच आपण ऐकतो. पुढे ढकललेल्या संदेशाला असा चेहरा नसतो.

याची किंमत किती मोठी असू शकते हे १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे दिसले. मुले पळवणाऱ्या टोळीच्या अफवा मोबाइलवर फिरत होत्या. त्या संशयावरून नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजातील पाच जणांना जमावाने ठार मारले. संदेशात त्यांचे नाव नव्हते. अनोळखी, भिक्षा मागत फिरणारी माणसे पूर्वग्रहाच्या साच्यात बसली, आणि वस्तरा त्यांच्या हातात गेला. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली. पुढे २०२० मध्ये, अनेकदा पुढे गेलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असे केले. हे पाण्याचा प्रवाह कमी करण्यासारखे आहे. ते आवश्यकच आहे, पण जंतूवरचा उपाय नव्हे.

माहितीचा दुष्काळ आणि माहितीचा पूर

आता पुन्हा महाड-पोलादपूरला येऊ. २२ जुलै २०२१ रोजी महाड शहर पुराच्या पाण्याखाली गेले. त्याच दिवशी महाड तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे दगावली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडी येथेही दरडींनी बळी घेतले. रस्ते बंद, वीज गेलेली, मोबाइल मुके. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे जवान तळियेत पोहोचले ते दुसऱ्या दिवशी.

या दोन तालुक्यांतील वाड्यावाड्यांतली माणसे पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला नोकरीला आहेत. अशा प्रसंगी गावात माहितीचा दुष्काळ असतो आणि मुंबईतल्या चाकरमान्याच्या हातातल्या फोनवर तीच तीच दृश्ये न थांबता येत राहतात. एकाला काहीच कळत नाही. दुसऱ्याला पुष्कळ दिसते, पण आपल्या घरचे सुखरूप आहेत का एवढेच कळत नाही. ऑलपोर्ट-पोस्टमन यांच्या सूत्रातील दोन्ही संख्या अशा वेळी कमाल होतात.

दृश्ये पाहत राहण्याचाही मनावर परिणाम होतो. २०१३ मध्ये बोस्टन येथे मॅरेथॉन शर्यतीत बाँबस्फोट झाले. त्यानंतर अमेरिकेत सुमारे ४,७०० प्रौढांची पाहणी करण्यात आली (२०१४). स्फोटानंतरच्या आठवड्यात रोज सहा तास वा अधिक वेळ त्याच्या बातम्या व चित्रे पाहणाऱ्यांत तीव्र ताणाची लक्षणे, प्रत्यक्ष स्फोटाच्या जागी वा जवळ असलेल्यांपेक्षाही अधिक आढळली. आधीच चिंताग्रस्त असलेली माणसे बातम्या अधिक पाहत असतील, हेही येथे ध्यानात घ्यायला हवे. पण भीती आणि शोध एकमेकांना खतपाणी घालतात, एवढे तरी यातून दिसते.

हेच एकट्या माणसाच्या बाबतीतही घडते. डोके दुखते म्हणून इंटरनेटवर शोध घ्यावा आणि चार पानांनंतर मेंदूतील गाठीपर्यंत पोहोचावे, या प्रकाराचा पद्धतशीर अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला आहे. झोप न लागणारा, छातीत धडधडणारा माणूस रात्री फोनवर आपल्या आजाराचे नाव शोधत बसतो, तेव्हा तो पाटण्याच्या त्या माणसासारखाच असतो. भीती आधीच आहे. तो तिच्यासाठी कारण शोधतो आहे. ही स्वतःपुरती अफवाच होय.

उपचाराचे अंतर

अशा माणसाने जायचे कोठे? कोकणात मनोरुग्णालये जुनी आहेत. रत्नागिरीचे १८८६ सालचे आणि ठाण्याचे १९०१ सालचे. पण पोलादपूरच्या माणसाला एकीकडे कशेडी घाट उतरून रत्नागिरी आणि दुसरीकडे ठाणे, दोन्ही दूरच. त्यात 'वेड्यांच्या इस्पितळात' जायची लाज. १९८२ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आखला गेला आणि १९९६ पासून तो जिल्हा पातळीवर नेण्यास सुरुवात झाली, ती हे अंतर कमी करण्यासाठीच.

दूरसंचाराने या कामी मोलाची मदत केली आहे. १० ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची 'टेलि-मानस' ही सेवा सुरू झाली. १४४१६ या क्रमांकावर कोणत्याही वेळी विनामूल्य फोन करता येतो, मराठीत बोलता येते, आणि आपण कोण हे शेजाऱ्याला कळत नाही. जी अनामिकता अफवेला चेहरा नाहीसा करून बळ देते, तीच अनामिकता येथे संकोच असलेल्या माणसाला बोलते करते. साधन एकच, पलीकडे जबाबदार माणूस आहे की नाही, एवढाच फरक.

आपत्तीनंतरच्या मानसिक प्रथमोपचाराची जी पद्धत जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये सांगितली, तिची तीन सूत्रे आहेत : पाहा, ऐका, जोडून द्या. त्यात बजावले आहे की ठाऊक असेल तेच सांगा, माहीत नसेल ते रचून सांगू नका, खोटी आश्वासने देऊ नका, आणि कोणाला जबरीने बोलायला लावू नका. खरी माहिती हा येथे उपचाराचाच भाग आहे.

१९२७ चे उत्तर

महाडच्या मारहाणीनंतर दोनच आठवड्यांनी, ३ एप्रिल १९२७ रोजी बाबासाहेबांनी 'बहिष्कृत भारत' हे पाक्षिक सुरू केले. महाडला काय घडले याचा आपल्या बाजूचा वृत्तांत व त्यावरचा विचार त्यांनी त्यातून मांडला. नाव घालून, तारीख घालून, जबाबदारी घेऊन. अफवेला दिलेले ते उत्तर होते. पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. ज्या पूर्वग्रहामुळे अफवा पटली, त्याविरुद्धचा लढा त्यांनी चालू ठेवला आणि चवदार तळ्याचा दावा १९३७ मध्ये उच्च न्यायालयात जिंकला. माहितीची दुरुस्ती आणि मनाची दुरुस्ती अशी ही दोन वेगळी कामे आहेत. पहिल्याने दुसरे आपोआप होत नाही.

शाळेत या दोन्हींची सुरुवात करता येते. वर्गात कानगोष्टीचा प्रयोग करावा. वीस तपशील असलेले एक वर्णन सहा मुलांच्या साखळीतून जाऊ द्यावे. प्रत्येक टप्प्यावर काय गळले, कशाला धार आली, काय बदलले हे इतरांनी वहीत मांडावे. मग मुलांनी फोनवर आलेला एखादा संदेश घ्यावा आणि त्याला तीन प्रश्न विचारावेत : हे मूळ कोणी पाहिले? ते केव्हाचे, कोठले? आणि हे खरे असावे असे मला का वाटते? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे शोधता येतात. तिसऱ्याचे उत्तर ज्याचे त्याने स्वतःच्या मनात पाहायचे असते. त्यासाठी वर्गात घाई करू नये. आणि तास संपण्यापूर्वी फळ्याच्या कोपऱ्यात १४४१६ हा आकडा लिहून ठेवावा.